मार्थाबाईची हत्यारं

मार्थाबाई पाटोळे रोज सकाळी चहाच्या आधी हत्यारं चढवायची. हे मी थट्टेने म्हणत नाही, तिचाच शब्द आहे.

घाटकोपरला डोंगरावरच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी खालच्या नळावरून हंडा घेऊन वर यायचे तेव्हा ती दारात उभी असायची. आधी डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटायची आणि ओठ हलवायची. मग छातीवर तळहात थोपटायची. मग डोक्यावरचा पदर काढून, त्याला पीळ घालून कमरेला असा खोचायची, की आता ही कोणाच्या तरी झिंज्या उपटणार असंच वाटावं. शेवटी पायात चपला. त्या चपला घालून ती आत जायची आणि चहा ठेवायची. स्वयंपाकाच्या जागेत चपला बघून पहिल्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं.

"कोणाशी भांडायला निघालीस गं सकाळी सकाळी?" मी विचारलं.

"सैतानाशी."

"कुठे राहतो तो?"

"सगळीकडं ऱ्हातो. तुझ्याबी घरात असंल."

"माझ्या घरात सहा माणसं झोपतात. त्याला जागा नाही."

ती हसली. तिचं हसणं मोठं होतं, खालच्या मजल्यापर्यंत जायचं. ठेंगणी, रुंद बाई, मनगटं पुरुषासारखी. बोलणं शेवटपर्यंत नगरकडचंच राहिलं. नवरा दारूने गेला, तो गेल्यावर पोराला कडेवर घेऊन मुंबईला आली. तिला जगात एकच भीती होती आणि ती ती लपवायची नाही. बाप गेला त्या वाटेने पोरगा जाऊ नये. तिची सगळी लढाई त्या एका गोष्टीसाठी होती. बाकी सैतान जगात काय करतो त्याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं.

पोराचं नाव शमुवेल. चाळ त्याला शम्या म्हणायची. तिने कधी म्हटलं नाही. "देवाकडून मागून घेतलेलं लेकरू हाय," म्हणायची, "नाव मोडू नका."

आम्ही दोघी मुलुंडला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचो. मालकीण लेले वहिनी. समोरासमोर दोन पोळपाट, मधे पिठाची परात. लाटताना हात चालतात, तोंड मोकळं असतं. तिथेच मी तिच्या हत्यारांची नावं ऐकली. मी चौथी शिकलेली आणि ती सातवी, त्यामुळे ती मला शिकवायची संधी सोडायची नाही.

"कंबरेला सत्याचा पट्टा," ती म्हणाली. "छातीला नीतीचं चिलखत. पायात शांतीचे जोडे. हातात विश्वासाची ढाल. डोक्याला तारणाचं शिरस्त्राण. आन् तोंडात वचनाची तरवार."

"शिरस्त्राण म्हणजे काय गं?"

"हेल्मेट."

"मग आधी तुझ्या शम्याला सांग. मोटारसायकलवर बोडकाच फिरतो."

तिने पोळी उलटली. मी मनात मोजत होते. कंबर झाली, छाती झाली, पाय, हात, डोकं, तोंड.

"पाठीला काय?" मी विचारलं.

"पाठीला काय नाय."

"का नाही?"

"पाठ दाखवायचीच नाय म्हणून."

"आणि मागून कोणी आलं तर?"

ती थांबली. लाटणं तसंच पोळीवर. तिच्या प्रार्थनासभेच्या पास्टरने तिला हे सांगितलं नव्हतं वाटतं. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता, मी विसरूनही गेले होते, तेव्हा म्हणाली, "मागं दुसरी बाई उभी ऱ्हायची असती."

"शास्त्रात आहे असं?"

"नाय. मीच म्हणते."

हे मला तिचं आवडायचं. जे शास्त्रातलं ते शास्त्रातलं म्हणून सांगायची आणि आपलं ते आपलं म्हणून.

पदर खोचला की खोटं बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. सत्याचा पट्टा म्हणजे खोचलेला पदर. आता पोळ्या लाटणाऱ्या बाईचा पदर दिवसभर खोचलेलाच असतो, म्हणजे दिवसभर खोटं बंद. केंद्रात हे चालत नाही. एकदा संध्याकाळी काउंटरवरची मुलगी आली नव्हती म्हणून वहिनींनी मार्थाबाईला तिथे उभं केलं. एक आजोबा आले, हातात कापडी पिशवी. नेहमीचं गिऱ्हाईक.

"पोळ्या आजच्याच ना?" त्यांनी विचारलं. सगळेच विचारतात. उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

मार्थाबाई म्हणाली, "वरच्या आजच्या. खालच्या चार कालच्या. पाण्याचा हात लावून परत तव्यावर टाकल्यात."

आजोबांनी पिशवी मिटली. वहिनींचा चेहरा कणकेसारखा झाला. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "मार्थाबाई, नुसतं हो म्हणायचं होतं. तोंड झिजलं असतं का?"

"पदर सोडायला लागला असता वैनी. हाताला पीठ होतं."

वहिनी चिडल्या होत्या तरी त्यांना हसू आलं. मार्थाबाईला परत काउंटरला कोणी पाठवलं नाही. पण ते वाक्य केंद्रात चिकटलं. कोणी बाई थाप मारायला लागली की दुसरी म्हणायची, "आधी पदर सोड, मग बोल." मार्थाबाईने ते गमतीत म्हटलं होतं की खरंच, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझा नवरा आजारी पडला तेव्हा ती हॉस्पिटलात आली. मी बोलावलं नव्हतं. खाटेशी उभी राहून तिने मोठ्याने प्रार्थना केली, सगळा वॉर्ड बघत होता. तिचं मागणं म्हणजे हुज्जतच. तू म्हटलं होतंस, आता कर, बघ हा माणूस कसा पडलाय, असं. माझा नवरा मिलमध्ये होता, मूळचा मालवणकडचा. तो डोळे न उघडता म्हणाला, "ही आमच्यासारखाच गाऱ्हाणा घालता गो." आमच्या गावी देवळात गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो ते असंच. देवाला दटावल्यासारखं.

मी तिला म्हटलं, "आमच्याकडे नारळ ठेवतात. तुझं नुसत्या तोंडावर चाललंय."

"तोंडातच तरवार हाय माझी. नारळ कशाला?"

नवरा गेला. ती दिवसाला आली, पुढच्या बायांबरोबर बसली. देवाची इच्छा वगैरे म्हणाली नाही. "म्या मागितलं होतं," म्हणाली. "नाय दिलं त्यानं." एवढंच. मग उठून माझी भांडी घासली.

शम्या प्यायला लागला तेव्हा एकोणीस-वीसचा असेल. प्यायलेला असला की जिन्यात खोकायचा. त्या खोकल्यावरून चाळीला कळायचं. मार्थाबाई दारात येऊन उभी राहायची. पण त्याच्याकडे बघायची नाही. त्याच्या खांद्यावरून मागे बघायची, गॅलरीच्या रिकाम्या कठड्याकडे, आणि तिथे बोलायची.

"तू भाईर हो. उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाय. माझ्या लेकराचा हात सोड. सोड म्हणते ना!"

आणि त्याच दमात, आवाज खाली आणून, "शमुवेल, ये बाळा. हातपाय धू. आमटी गरम करते."

सुरुवातीला शम्या खरंच मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून. चाळीतली पोरं त्यांची नक्कल करायची. एक शम्या व्हायचा, एक मार्थाबाई, आणि सैतान व्हायला सगळ्यांची भांडणं. एकदा मी हंडा घेऊन नेमकी त्याच्या मागे आले.

"मला गं काय बोलतेस?" मी ओरडले.

"तुला नाय सुशे. सरक बाजूला. मधी येतीस."

मी तिला किती वेळा सांगितलं, दोन कानाखाली वाजव त्याच्या. सैतानाला लागेल न लागेल, याला तरी लागेल.

"माणसाशी भांडण नाय आपलं," ती म्हणायची. "माणसाच्या मागं जो उभा ऱ्हातो त्याच्याशी हाय. माणसाला मारलं की मागचा हसतो."

तिने पोराला कधी शिवी दिली नाही. हात उचलला नाही. पैसे चोरले तरी मागच्याला बोलली. केंद्रातून मिळालेलं मिक्सरचं भांडं विकलं तरी मागच्याला बोलली. शम्याही हुशार. त्याला सवय लागली. ती कठड्याशी भांडत असायची तोवर हा बाजूने आत जाऊन जेवायला बसायचा.

मग काय झालं कोण जाणे, त्याने सोडली. बरेच महिने प्यायला नाही. मार्थाबाई उपास करत होती तेव्हा. मी म्हणते पोट बिघडलं होतं त्याचं म्हणून सोडली. ती म्हणायची, "तुझं बी खरं असंल. पोट कोणी बिघडवलं?" तिने वहिनींना शब्द दिला आणि त्याला केंद्रात डबे पोचवायला लावलं. केंद्राची एक स्कूटर होती. ती एरवी संतोष जाधव चालवायचा, दोन पोरींचा बाप, शांत माणूस. त्याला सवड नसली की शम्या न्यायचा.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. शम्या आला तो पायी. जिन्यात खोकला नाही. पण वास आला. मार्थाबाई दारात आली. मी वाट बघत होते की आता ही कठड्याकडे बघून सुरू होईल. तिने त्याची बाही धरली. बाहीच्या दुमडीत काचेचे तुकडे होते.

"आई, काय नाय झालं," तो म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

ती तळहातावर काच घेऊन माझ्याकडे आली, उजेडात धरली.

"सुशे, हे काय गं?"

"गाडीच्या दिव्याची काच," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली आणि तिथेच बसली. तांदूळ निवडायला लागली. बरोबर निवडत होती, खडा सुटला नाही एक.

मुलुंडला एका सोसायटीच्या फाटकासमोर तिथल्या म्हाताऱ्या वॉचमनला स्कूटरने उडवलं होतं. मिश्राजी म्हणायचे त्याला. आमच्याच केंद्राचा डबा खायचा. डोक्याला मार लागला होता. तो वाचला नाही. पडलेल्या स्कूटरवरून पोलीस वहिनींकडे आले. वहिनी म्हणाल्या, गाडी संतोषकडे असते. संतोषला नेलं. संतोष म्हणाला, त्या दिवशी शम्याने नेली होती. मग शम्याला नेलं. शम्या म्हणाला, मला ताप होता, मी दिवसभर घरी होतो. आईला विचारा.

सगळं मार्थाबाईच्या तोंडावर येऊन थांबलं.

चाळीत एकमत होतं. आई आहेस, ताप होता म्हण, विषय संपव. संतोषचं काय ते वकील बघेल. संतोषची बायको पण आली होती, दोन्ही पोरींना घेऊन. गॅलरीत बसली, पाणी प्यायली. काही मागितलं नाही, रडली नाही. पोरींच्या वेण्या घट्ट घातलेल्या होत्या. थोड्या वेळाने उठून गेली. मार्थाबाई तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन भिंतीला टेकून बसली.

मी तिला सरळ सांगितलं. "हे बघ मार्था. पदर सोड आणि सांग. नियम तुझाच आहे. पट्टा नाही तर पाप नाही."

"नियम माझा नाय," ती म्हणाली.

"मग कोणाचा? वहिनींना तूच म्हणालीस ना?"

"ती गंमत होती गं."

"आता खरी कर. एकच पोर आहे तुला. जेलात काय होतं ठाऊक आहे? आत गेला तर पिऊन मरेल नाहीतर मार खाऊन मरेल. त्याच्यासाठीच इतकी वर्षं ओरडतेयस ना?"

"हो. त्याच्यासाठीच."

मी अजूनही तेच सांगेन. मी असते तर खोटं बोलले असते आणि घरी येऊन झोपले असते.

चौकीवर मला बरोबर नेलं. सकाळी निघताना मी तिच्याकडे बघितलं. पदर डोक्यावर होता. प्रार्थनेला घेते तसा. तिथून तो खाली आलाच नव्हता, कंबर मोकळी होती. मला बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं हिने. चालत गेलो. वाटेत एकदाच बोलली. "तू माझ्या मागं उभी ऱ्हा. काय बोलू नको."

चौकीत टेबलामागे साहेब होता, तरुण, दमलेला. बाजूच्या बाकड्यावर शम्या. दाढी वाढलेली. मी तिच्या मागे उभी राहिले.

"मावशी, बसा," साहेब म्हणाला.

"उभीच बरी."

"मुलगा म्हणतो त्या दिवशी त्याला ताप होता, घरीच होता. बरोबर?"

ती शम्याकडे वळली. म्हणजे त्याच्याकडे नाही. त्याच्या खांद्यावरून मागे. मागे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि पाण्याचा माठ. तिचे ओठ हलायला लागले. "तू," ती म्हणाली, "तू सोड त्याला. तू भाईर..."

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं.

"आई," शम्या म्हणाला. ओरडून नाही. दमलेल्या माणसासारखं. "मागं नको बघूस. मागं कोण नाय."

मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहिले, पण तो प्यायला लागल्यापासून ती त्याच्या तोंडाकडे अशी बघताना मी पाहिली नव्हती. बराच वेळ बघत होती. साहेबाने पेन खाली ठेवलं.

मग तिने डोक्यावरून पदर काढला. त्याला पीळ घातला. आणि कमरेला खोचला.

मला कळलं. शम्यालाही कळलं. त्याने डोळे मिटले.

"गाडी याच्याकडं होती," मार्थाबाई म्हणाली. "घरी आला तवा पिलेला होता. काच याच्या बाहीतून मी काढली. संतोषचं काय नाय त्यात."

साहेबाने परत विचारलं, मावशी, तुम्ही काय बोलताय कळतंय का? ती म्हणाली, कळतंय, लिहा. तिने सही केली. शम्याला आत नेलं.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. तिने साखर घालून घेतली, रोज घ्यायची तशी. मग म्हणाली, "पोळ्यांची वेळ झाली का गं?" आणि केंद्रात जाऊन पोळ्या लाटल्या. सगळ्या गोल.

शम्याला शिक्षा झाली. संतोष सुटला, पण त्याने केंद्र सोडलं. चाळीने मार्थाबाईशी बोलणं टाकलं. नळावर तिचा नंबर आला की बाया हंडा पुढे सरकवायच्या. आईने पोराला दिलं, म्हणायच्या, तिला ऐकू जाईल असं. ती मागे सरकायची. भांडली नाही. हसणं गेलं. रडणं आलं नाही. तव्यावर हात भाजला तर बघायची आणि कामाला लागायची. एकदा मीच तिचा हात ओढून पाण्याखाली धरला.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"दुखत असंल," ती म्हणाली.

भांडुपला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत तिची प्रार्थनासभा भरायची. तिचे गुडघे धरायला लागले होते, म्हणून जिना चढवायला मी जायचे आणि मागच्या खुर्चीवर बसायचे. एका रविवारी पास्टरने तिला पुढे बोलावलं. भला माणूस, पण माइक हातात आला की त्याचा आवाज बदलायचा. म्हणाला, आपल्या भगिनीने सत्याचा पट्टा बांधला. सैतानाला पायाखाली तुडवलं. आता ती आपल्या विजयाची साक्ष देईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मार्थाबाईने माइक घेतला. पदर खोचलेला होता.

"विजय झाला आसं मला वाटत नाय," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"एक माणूस मेला. माझा पोरगा आत हाय. सैतान तुडवला का, मला माहीत नाय. मी फकस्त खरं बोलले. पहिलं प्रार्थना केली की छातीत ऊब यायची. आता येत नाय. देव हाय. पण मला काय बी जाणवत नाय. साक्ष म्हणाल तर हीच हाय."

तिने माइक परत दिला. पास्टरने घाईने गाणं सुरू केलं. ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि गाण्याला टाळी धरली. ताल चुकला नाही.

घरी जाताना मी म्हटलं, "थोडं गोड बोलली असतीस. माणसं जमली होती."

"पदर खोचलेला होता," ती म्हणाली. या वेळी ती गंमत नव्हती.

मला वाटलं आता हत्यारं बंद होतील. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी हंडा घेऊन वर आले तर ती दारात. डोक्यावर पदर, मग छातीवर हात, मग पीळ, मग चपला. सगळं क्रमाने. चेहऱ्यावर काही नाही. झाडू मारावा तसं.

"आता कशाला गं?" मी विचारलं. "काही जाणवत नाही म्हणतेस."

"जाणवलं तरच कापडं घालतो का आपण?"

मग दूध उतू जात होतं म्हणून ती आत गेली.

मुलाखतीला ती दर खेपेला जायची. जेलात मधे काच असते आणि फोनवर बोलायचं असतं. काय बोलता, मी विचारायचे. तब्येतीचं, म्हणायची. एकदा म्हणाली, "काच चमकते गं. शमुवेलच्या मागं बघायला गेलं की माझंच तोंड दिसतं. त्याच्या खांद्यावर."

शम्या सुटेपर्यंत ती खूप थकली होती. श्वास पुरायचा नाही. पोळ्या बंद झाल्या होत्या. मी दुपारी तिला ताट नेऊन द्यायचे, ती अर्धं खायची. चाळ तोवर विसरली होती. लोक फार वेळ राग ठेवत नाहीत, त्यांनाही कामं असतात. तो सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला मुलगी बदलापूरला घेऊन गेली, डोळ्याच्या ऑपरेशनला. पट्टी होती डोळ्यावर तेव्हाच मार्थाबाई गेली. झोपेत. मला निरोप आला, पण जाता आलं नाही. त्यामुळे मेलेली मार्थाबाई मी बघितलेली नाही. मी बघितली ती बदलापूरला निघायच्या आदल्या दिवशीची.

दुपारची वेळ. मी भाताचं ताट घेऊन गॅलरीत आले आणि जिन्यात खोकला ऐकला. तोच खोकला. मी थांबले. शम्या वर आला. केस पिकले होते, हातात एक पिशवी. माझ्याकडे न बघता पुढे गेला आणि तिच्या दारात उभा राहिला. उंबऱ्याच्या बाहेर. मी त्याच्या मागे. तो प्यायलेला होता की नाही हे मला सांगता येणार नाही. सर्दीने माझं नाक बंद होतं.

मार्थाबाई खाटेवर बसली होती. पदर खोचलेला. पायात चपला. तिला धाप लागली होती. तिने मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

शम्या वाट बघत होता. मीही वाट बघत होते. इतक्या वर्षांची सवय. आता ती खांद्यावरून मागे बघणार, बाहेर हो म्हणणार, आणि मग तो आत जाणार. ती बघतच राहिली, तोंडाकडे. तिची नजर हलली नाही. मग शम्यानेच, राहवलं नाही म्हणून, मान वळवून मागे पाहिलं.

मागे मी होते, ताट घेऊन.

"मागं कोण नाय," मार्थाबाई म्हणाली. "सुशीला हाय. दोघंबी आत या."

ताटात एकाचाच भात होता. आम्ही आत गेलो.